नगरसभासद जोतीराव फुले : सार्वजनिक द्रव्याचे जागते राखणदार

महात्मा जोतीराव फुले यांचे नाव उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे प्रथम उभी राहते ती भिडेवाड्यातील मुलींची शाळा आणि शेणमातीचा मारा सोशीत त्या शाळेची वाट चालणाऱ्या सावित्रीबाई. त्यानंतर सत्यशोधक समाज आठवतो, ‘गुलामगिरी’ आठवते, ‘शेतकऱ्याचा असूड’ आठवतो. हे सर्व यथायोग्यच आहे. तथापि या थोर पुरुषाच्या चरित्रात एक प्रकरण असे आहे की, ज्याचा उल्लेख पाठ्यपुस्तकांत दोन ओळींत आटोपतो व पुष्कळ वेळा मुळीच येत नाही. ते प्रकरण म्हणजे पुणे नगरपालिकेचे सभासद या नात्याने त्यांनी केलेली सेवा. नगरपालिकेचा जमाखर्च, कर, जकात, अंदाजपत्रक हे विषय रूक्ष वाटतात, म्हणून चरित्रकारांची लेखणी त्या बाजूला सहसा वळत नाही. परंतु समाजाचा पैसा कोठून येतो व कोणासाठी खर्च होतो, हा प्रश्न ज्याला पडला नाही त्याची समाजसेवा अपुरीच म्हटली पाहिजे. जोतीरावांना हा प्रश्न आयुष्यभर पडलेला होता. आपल्या ज्ञातीतील तरुण वाचकांनी त्यांच्या चरित्राची ही बाजू विशेष लक्ष देऊन पाहावी, अशी प्रस्तुत लेखकाची इच्छा आहे.

जोतीरावांचा जन्म पुणे येथे ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. त्यांचे मूळ घराणे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यास आल्यावर फुलांच्या व्यवसायावरून फुले हे नाव रूढ झाले. मातोश्री चिमणाबाई जोतीराव अगदी लहान असतानाच निवर्तल्या. वडील गोविंदराव यांनी मुलाला काही काळ शाळेत घातले, पण लोकांच्या सांगण्यावरून पुन्हा शाळेतून काढून मळ्याच्या कामाला जुंपले. गफार बेग मुन्शी व लिजिटसाहेब या दोन शेजाऱ्यांनी गोविंदरावांची समजूत घातली नसती, तर महाराष्ट्र एका महापुरुषाला मुकला असता. १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले व १८४७ पर्यंत त्यांनी तेथे इंग्रजी शिक्षण पूर्ण केले. शिक्षण सुटून पुन्हा सुरू होणे म्हणजे काय असते, हे त्यांनी स्वतः भोगले होते. पुढे जन्मभर त्यांनी ज्या मुलांची बाजू घेतली, ती मुले शाळेच्या दाराशी येऊन परत फिरणारीच होती.

१८४८ साली बुधवार पेठेतील भिडेवाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. त्या सालचे पुणे म्हणजे पेशवाईचा अस्त होऊन तीस वर्षे झालेले, परंतु मनाने तेथेच राहिलेले शहर होते. लोकांनी गोविंदरावांचे कान भरले. सून शिकवायला जाते याचा बोभाटा झाला आणि १८४९ साली पतिपत्नींना घर सोडावे लागले. शाळा मात्र सुटल्या नाहीत. मुलींसाठी आणखी शाळा निघाल्या, अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा निघाल्या, १८५५ साली दिवसभर श्रम करणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा निघाली. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी सरकारने विश्रामबागवाड्यात मोठ्या समारंभाने शालजोडी देऊन त्यांचा गौरव केला. परंतु गौरवाने शाळा चालत नाहीत. शाळेला जागेचे भाडे लागते, शिक्षकांना दरमहा पगार लागतो, पाट्यापुस्तके लागतात. वर्गणीदार पहिल्या उत्साहात आकडा घालतात आणि पुढे आकडा तसाच राहून पैसा येत नाही, हा अनुभव सार्वजनिक कामात पडलेल्या कोणालाही नवा नाही. जोतीरावांनाही तो आला. केवळ दानशूरांच्या मर्जीवर गोरगरिबांचे शिक्षण टिकणार नाही, त्याला सार्वजनिक तिजोरीचा कायमचा आधार पाहिजे, हे त्यांच्या विचारांचे एक प्रमुख सूत्र झाले, यात नवल नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. जोतीराव हे नुसते वक्ते वा लेखक नव्हते. ते हिशेबी व्यवहारी गृहस्थ होते. शेती व भाजीपाल्याचा व्यापार त्यांनी केला. दागिने ओतण्याच्या मुशी विकण्याची एजन्सी चालविली. आणि सार्वजनिक बांधकामाची कंत्राटे घेतली. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल, खडकवासल्याचे धरण या कामांशी त्यांचा कंत्राटदार म्हणून संबंध आला. दगडाची ब्रास कशी मोजतात, मजुराला हजेरी किती मिळते आणि कागदावर किती लिहिली जाते, मंजूर रकमेतला किती पैसा कामात उतरतो आणि किती वाटेत झिरपतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. इंजिनियर खात्यातील लाचलुचपतीवर त्यांनी निर्भयपणे लिहिले ते याच अनुभवाच्या बळावर. म्हणून नगरपालिकेच्या सभेत जेव्हा आकड्यांचे कागद पुढे येत, तेव्हा त्या आकड्यांमागील माणसे त्यांना दिसत.

१८७६ साली सरकारने त्यांची पुणे नगरपालिकेवर सभासद म्हणून नेमणूक केली, आणि सुमारे सहा वर्षे त्यांनी हे काम केले. आजच्या तरुण वाचकाला त्या काळच्या नगरपालिकेची कल्पना येणे कठीण आहे. आज आपण ज्याला निवडणूक म्हणतो तसा प्रकार तेव्हा नव्हता. सभासद सरकार नेमीत असे, आणि अध्यक्षपदी सरकारी अधिकारी असत. ज्याची नेमणूक सरकारच्या कृपेने झाली आणि पुढेही त्याच कृपेने व्हावयाची, त्याने अध्यक्षांच्या सूचनेला मान डोलवावी हीच रीत पडून गेलेली होती. सभेत श्रीमंत सावकार होते, सरदार होते, पेन्शनर अधिकारी होते, वकील होते. कष्टकऱ्यांच्या पेठांतील माणसांची गाऱ्हाणी तेथवर पोचविणारे फार थोडे होते. गंज पेठेत राहणारे जोतीराव हे त्या थोड्यांपैकी एक.

नगरपालिकेच्या उत्पन्नाची मुख्य बाब तेव्हा जकात ही होती. शहरात येणाऱ्या मालावर नाक्यानाक्यावर ही जकात वसूल होई. त्याखेरीज घरपट्टीसारखे इतर कर होते. जकात हा कर मोठा चतुर असतो. तो भरताना कोणाच्या हातात पावती पडत नाही, म्हणून आपण कर भरतो हे गरिबाला कळतही नाही. परंतु धान्य, तूप, सरपण यांच्या भावात तो मिसळून जातो आणि रोज बाजार करणारी मोलकरीणसुद्धा तो भरते. श्रीमंताचे पोट गरिबाच्या पोटाहून दहापट मोठे नसते; म्हणून खाण्याच्या जिनसांवरील कराचा भार ऐपतीच्या मानाने गरिबावरच अधिक बसतो. शहरात भाजीपाला घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला जकातीच्या नाक्यावर कसे नाडले जाते, याची तक्रार जोतीरावांनी आपल्या लेखनात केली आहे. नगरपालिकेची तिजोरी म्हणजे सरकारने किंवा शहरातील पुढाऱ्यांनी केलेली देणगी नव्हे; तीत भाजीवालीचा, हमालाचा आणि कुणब्याचा पैसा आहे, ही जाणीव त्यांच्या मनात पक्की होती.

तिजोरी अशी भरत असेल, तर ती रिकामी कोणासाठी व्हावी? येथेच जोतीरावांचा इतर सभासदांशी मतभेद होई. रस्ते, दिवाबत्ती, साफसफाई, पाणी ही सर्व कामे नगरपालिकेची. त्यांतही प्रतिष्ठित वस्तीतील रस्ता आधी आणि कष्टकऱ्यांच्या पेठेतील गटार मागाहून, असा क्रम जगातील बहुतेक शहरांत आढळतो. पुणे त्याला अपवाद नव्हते. पूर्वेकडील पेठांना पाणी मिळावे, तेथील लोकांच्या गैरसोयी दूर व्हाव्यात, यासाठी जोतीराव खटपट करीत. ज्याने १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांना मोकळा केला, त्याने सार्वजनिक पाण्याचा प्रश्न जिव्हाळ्याने हाताळावा हे स्वाभाविकच होते.

ते सभासद झाले त्याच सुमारास १८७६–७७ चा भीषण दुष्काळ पडला. दक्षिणेतील खेडी ओस पडली, माणसे व गुरे अन्नपाण्यावाचून तडफडू लागली. सत्यशोधक समाजाच्या वतीने धनकवडी येथे अन्नछत्र उघडण्यात आले व निराधार मुलांना जेवण देण्याची सोय झाली. सावित्रीबाई व जोतीराव या कामात अहोरात्र गुंतले. १८७७ सालच्या मे महिन्यात जोतीरावांनी मदतीसाठी जाहीर विनंतीपत्रकही काढले. दिवसा भुकेलेली मुले पाहावयाची आणि सभेत येऊन शोभेच्या खर्चाचे ठराव ऐकावयाचे, असे ते दिवस होते. हे लक्षात घेतले म्हणजे पुढील प्रसंगाचा अर्थ नीट उलगडतो.

१८८० साली दारूच्या दुकानांचा प्रश्न उपस्थित झाला. पूर्वी शहराच्या कडेला असलेले दारूचे दुकान आता भर वस्तीत आले आणि अशा दुकानांची संख्या वाढू लागली. सरकारला त्यापासून उत्पन्न मिळत होते. संसार मात्र गरिबांचे बुडत होते. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात जोतीरावांनी नगरपालिकेच्या व्यवस्थापक मंडळाच्या अध्यक्षांना पत्र लिहून याकडे लक्ष वेधले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, एका हाताने नगरपालिका लोकांच्या आरोग्यासाठी खाते ठेवते व त्यावर खर्च करते. दुसऱ्या बाजूने त्याच लोकांच्या आरोग्याचा व नीतीचा नाश करणारी दुकाने वस्तीत उघडली जातात. हा कोठला न्याय? पैशाच्या येण्याकडे व जाण्याकडे एकाच वेळी पाहण्याची जोतीरावांची दृष्टी या पत्रात स्पष्ट दिसते. उत्पन्न मिळते एवढ्यावरून उत्पन्नाची प्रत्येक वाट चांगली ठरत नाही, हा धडा त्यांनी दिला.

त्याच १८८० सालच्या अखेरीस तो प्रसिद्ध प्रसंग घडला. व्हाइसरॉयसाहेबांची स्वारी पुण्यास येणार, म्हणून नगर शृंगारावे, स्वागत करावे आणि मानपत्र द्यावे, असे ठरत होते. त्याकरिता नगरपालिकेच्या निधीतून एक हजार रुपये खर्च करण्यास संमती द्यावी, अशी सूचना अध्यक्षांकडून आली. सूचना साध्या शब्दांत होती, पण तिच्यामागे साम्राज्याचे वजन होते. साक्षात व्हाइसरॉयच्या स्वागताला नकार देणे म्हणजे राजनिष्ठेबद्दल शंका घेण्यास वाव देणे. सभेतील बत्तीस सभासदांपैकी एकट्या जोतीरावांनी उभे राहून विरोध केला. हा पैसा शोभेवर उधळण्याऐवजी पुण्यातील गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असे त्यांनी निक्षून सांगितले. मते घेण्यात आली. बाकीचे सर्व सभासद एका बाजूला आणि जोतीराव एकटे दुसऱ्या बाजूला! खर्च मंजूर झाला.

एक हजार रुपये ही रक्कम आज वाचताना क्षुल्लक वाटेल, म्हणून शिक्षकाच्या सवयीने थोडे गणित मांडतो. पुढे दोनच वर्षांनी शिक्षण आयोगापुढे जोतीरावांनी प्राथमिक शिक्षकाला दरमहा कमीत कमी बारा रुपये पगार द्यावा अशी मागणी केली. या दराने एका शिक्षकाचा वर्षाचा पगार एकशे चव्वेचाळीस रुपये होतो. म्हणजे त्या एका समारंभाच्या कमानींत, पताकांत व रोषणाईत जवळजवळ सात शिक्षकांचा वर्षभराचा पगार होता. कमानी दुसऱ्या दिवशी उतरविल्या जातात. सात शिक्षकांनी वर्षभर शिकविलेली मुले पुढे पन्नास वर्षे लिहितवाचत राहतात. जोतीरावांना हे गणित त्या क्षणी दिसले, आणि इतर एकतीस जणांना ते दिसले नाही, किंवा दिसूनही बोलण्याचे धैर्य झाले नाही.

या ठिकाणी कोणी म्हणेल की, त्यांच्या विरोधाचा उपयोग काय झाला? ठराव तर संमत झालाच! असे म्हणणाऱ्यांना सार्वजनिक कामाचे मर्म कळले नाही. सभेत एक जरी माणूस नाही म्हणणारा असला, तरी खर्च करणाराला पुढच्या वेळी आपली कारणे अधिक विचारपूर्वक मांडावी लागतात. ज्या सभेत सर्वच ठराव टाळ्यांच्या गजरात संमत होतात, तेथे जमाखर्च तपासण्याची गरजच कोणाला वाटत नाही आणि हळूहळू संस्था पोखरली जाते. शिवाय जोतीरावांचा विरोध माणसाला नव्हता. ज्या इंग्रज सरकारने शूद्रातिशूद्रांना विद्येची दारे किलकिली केली, त्याचे उपकार ते मोकळ्या मनाने मानीत. सरकारविषयी त्यांचे मत अनुकूल असूनही त्यांनी सरकारच्या सर्वोच्च प्रतिनिधीच्या स्वागतखर्चास विरोध केला, यावरून त्यांच्या निःस्पृहतेची साक्ष पटते.

भाजीबाजाराच्या प्रश्नावरही त्यांची भूमिका हीच होती. पुण्याचा भाजीबाजार तेव्हा शनिवारवाड्यापुढील मोकळ्या जागेत भरे. उन्हापावसात माल घेऊन बसणाऱ्या बागवान-माळ्यांची, तशीच गिऱ्हाइकांची अडचण होत असे. त्यासाठी शुक्रवार पेठेत भव्य दगडी मंडई उभारण्याचे नगरपालिकेने मनावर घेतले. खर्च लाखांच्या घरात जाणारा होता. जोतीरावांनी या खर्चास विरोध केला आणि पैसा आधी गरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा असे आग्रहाने प्रतिपादिले. मंडईची काहीच आवश्यकता नव्हती असे आज कोणी म्हणणार नाही. ज्यांनी तो खर्च मंजूर केला त्यांच्यापाशीही कारणे होती, आणि ती इमारत पुढे हजारो लोकांच्या उपयोगी पडली. परंतु जोतीराव स्वतः भाजीपाल्याचा व्यापार केलेले गृहस्थ. मंडईचा उपयोग त्यांना कळत नव्हता असे कसे म्हणावे? ज्या धंद्याशी आपल्या जातभाईंचे हित बांधलेले, त्याच धंद्याच्या सोयीसाठी होणाऱ्या खर्चालाही त्यांनी हरकत घेतली, कारण त्यांच्या मते खर्चाचा क्रम चुकत होता. आधी अक्षर, मग इमारत, हा त्यांचा क्रम होता. स्वजनांच्या सोयीपेक्षा सर्वांच्या पोराबाळांची शाळा मोठी मानणारे पुढारी विरळाच असतात.

नगरपालिकेतील या अनुभवाचे फळ १८८२ साली दिसून आले. त्या वर्षी हिंदुस्थानातील शिक्षणाचा विचार करण्यासाठी सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीरावांनी त्या आयोगास एक विस्तृत निवेदन सादर केले. त्याखाली त्यांनी आपला परिचय व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर असा दिला आहे. ग्रंथकार म्हणून नव्हे, समाजाचे संस्थापक म्हणून नव्हे, तर कर भरणारा आणि कराच्या विनियोगाशी संबंध आलेला नागरिक या नात्याने ते बोलले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

त्या निवेदनाचा गाभा असा. सरकारचे बहुतेक उत्पन्न शेतकऱ्याच्या घामातून निघते, आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना उच्च शिक्षणाच्या रूपाने मिळतो. जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून खेड्यातील शेतकऱ्याकडून वसूल होई आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे जाई. परंतु मुंबई इलाख्यातील बहुसंख्य खेड्यांत शाळेचा पत्ता नव्हता. वरून पाझरत विद्या खाली येईल, या सरकारी कल्पनेवर त्यांचा विश्वास नव्हता. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी केली. मोडी व बालबोध वाचनलेखन, हिशेब, इतिहास-भूगोल व व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आरोग्य व नीती यांचे पाठ, असा व्यवहारोपयोगी अभ्यासक्रम त्यांनी सुचविला. शिक्षक होता होईल तो शेतकरीवर्गातून घ्यावेत, ते प्रशिक्षित असावेत, त्यांना पोटभर पगार द्यावा, मोठ्या गावी तो पंधरा-वीस रुपयांपर्यंत असावा, असे त्यांनी लिहिले. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी विशेष सोय व उत्तेजन असावे, हेही त्यांनी आग्रहाने मांडले.

नगरपालिकांविषयी त्यांनी जे सांगितले ते आजही मनन करण्याजोगे आहे. मोठ्या शहरांतील नगरपालिकांनी आपल्या हद्दीतील प्राथमिक शाळांचा संपूर्ण खर्च सोसावा. शहरातील मुलांच्या शाळांचा भार खेड्यातील शेतकऱ्याच्या पैशावर पडू नये, असे त्यांचे मत होते. परंतु शाळांची व्यवस्था मात्र सर्वस्वी नगरपालिकांच्या हाती देऊ नये. त्यावर शिक्षणखात्याची देखरेख असावी, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. ज्याने स्वतः त्या सभेत काही वर्षे काढली होती, त्याचे हे मत आहे! शोभेच्या ठरावाला एकतीस मते कशी पडतात हे ज्याने पाहिले, त्याने शाळांचे भवितव्य केवळ अशा सभांच्या मर्जीवर सोपवावयास नकार द्यावा, यात त्यांची दूरदृष्टी आहे. पैसा स्थानिक, पण देखरेख जाणत्यांची, असा त्यांचा मध्यममार्ग होता.

आयोगाने प्राथमिक शिक्षणाचा कारभार लोकल बोर्डे व नगरपालिका यांच्याकडे सोपविण्याची शिफारस केली आणि १८८४ च्या कायद्यांनी मुंबई इलाख्यात तसे पाऊल पडले. सक्तीची मागणी मात्र तशीच राहिली. जोतीरावांच्या आयुष्यात ती पुरी झाली नाही. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचा प्रयोग सुरू केला व १९०६ साली तो आपल्या सर्व राज्यात लागू केला. नामदार गोखले यांनी १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले, पण ते नामंजूर झाले. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा उपक्रम हाती घेतला. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्ती करण्याचा अधिकार देणारा कायदा झाला. आणि सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाचा शिक्षणाचा हक्क सांगणारा कायदा संसदेने संमत केला तो २००९ साली. जोतीरावांच्या निवेदनानंतर मध्ये एकशे सत्तावीस वर्षे गेली. किती पिढ्या या अवधीत अंगठ्यावर राहिल्या, याचा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात मांडलेला नाही.

नगरपालिकेतून निवृत्त झाल्यावरही जोतीरावांचा बाणा बदलला नाही. १८८८ सालच्या मार्चमध्ये त्यांचे स्नेही हरी रावजी चिपळूणकर यांनी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यास मेजवानी दिली. जरीपोशाखातील सरदार व भपकेबाज पाहुणे जमलेले. तेथे जोतीराव गेले ते गरीब शेतकऱ्याच्या वेषात. राजपुत्रांसमोर उभे राहून त्यांनी सांगितले की, येथे रत्ने लेवून बसलेली मंडळी म्हणजे खरा हिंदुस्थान नव्हे; तो पाहावयाचा तर खेड्यात जावे, आणि राणीसाहेबांना कळवावे की तिची गरीब प्रजा शिक्षणाला वंचित आहे. १८८० साली सभागृहात जे मांडले, तेच आठ वर्षांनी मेजवानीत मांडले. श्रोते बदलले, मागणी एकच राहिली.

त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईस मांडवी येथील कोळीवाड्याच्या सभागृहात जनतेने त्यांना महात्मा ही पदवी अर्पण केली. थोड्याच दिवसांनी, जुलै महिन्यात, पक्षाघाताने त्यांचे उजवे अंग लुळे पडले. तेव्हा या जिद्दी पुरुषाने डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हा ग्रंथ लिहिला. तो त्यांच्या पश्चात १८९१ साली प्रसिद्ध झाला. ज्याच्या हातून सार्वजनिक द्रव्याचे ठराव गेले, ज्याने मोठी कंत्राटे केली, त्याला अखेरच्या दिवसांत द्रव्याची चणचण भासली, ही गोष्ट त्याच्या हातांच्या स्वच्छतेबद्दल पुष्कळ काही सांगून जाते. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुणे येथे त्यांची प्राणज्योत मालवली.

ज्या मंडईच्या खर्चाला जोतीरावांनी विरोध केला, ती मंडई १८८६ साली पुरी झाली आणि तत्कालीन गव्हर्नरांच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणू लागले. पुढे आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेचे सभासद असताना त्यांच्या पुढाकाराने तिला महात्मा फुले मंडई असे नाव मिळाले. आज पुण्यास भाजी घ्यावयास जाणाऱ्या लाखो लोकांच्या तोंडी तेच नाव आहे. पुणे नगरपालिकेची १९५० साली महानगरपालिका झाली. जकातही काळाच्या ओघात नाहीशी झाली. नियुक्त सभासदांची ती सभा, तिचे अध्यक्ष आणि बहुमताने हात वर करणारे ते एकतीस जण कोण होते, हे आज कोणाला ठाऊक नाही. एकट्याने नाही म्हणणाऱ्याचे नाव मात्र त्याच दगडी इमारतीवर झळकत आहे. तथापि तेवढ्याने आपण त्यांचे ऋण फेडले असे मानणे चुकीचे होईल. इमारतीला नाव देणे सोपे आहे. त्यांचा खर्चाचा क्रम पाळणे कठीण आहे.

ज्ञातिबंधुभगिनींनो, नगरपालिकेचे अंदाजपत्रक आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाती नसते; पण प्रत्येक कुटुंबाचे आणि प्रत्येक ज्ञातिसंस्थेचे अंदाजपत्रक असतेच. वर्गणी देणाऱ्यांत पेन्शनर असतो, दुकानदार असतो आणि मुलांची फी कशीबशी भरणारी विधवा माताही असते. त्या पैशातून मंडप किती, हारतुरे किती, भोजन किती आणि विद्यार्थ्यांची पुस्तके व फी किती, हा प्रश्न वार्षिक सभेत विचारण्याचा अधिकार त्या मातेलाही आहे. समारंभ करूच नयेत असे कोणी म्हणणार नाही; चार माणसे एकत्र येण्याने समाज जिवंत राहतो. परंतु प्रथम शिक्षणनिधीचा आकडा लिहावा आणि मग उरलेल्यातून तोरण बांधावे. चाळीस वर्षे शाळेत काढलेल्या माझ्यासारख्या माणसाने हुशार मुले केवळ थोड्याशा फीवाचून शाळा सोडून जाताना पाहिली आहेत. त्या त्या वेळी कोठे ना कोठे तोरणे बांधली जातच होती.

जमाखर्चाचा कागद वाचून दाखविला जात असता सभेत पुष्कळांचे लक्ष नसते. तरुणांनी तेव्हा लक्ष द्यावे, कागद हाती घ्यावा, नम्रतेने पण स्पष्टपणे प्रश्न विचारावा, आणि प्रसंगी एकटे पडण्याची तयारी ठेवावी. जोतीरावांच्या पुतळ्याला घातलेला हार संध्याकाळपर्यंत सुकतो. त्यांच्या नावाने भरलेली एका मुलाची फी त्या मुलाच्या जन्माला पुरते.